भोंग्याने आवाज उतरवला

अग्निशमन केंद्राच्या माळ्यावर कोणीतरी शिरलंय, एवढं कळल्यावर बंबाच्या चालकाने शिडीखालून साधी चौकशी केली. "कोण आहे वर?"

माळ्यावरची झाडून सगळी वटवाघळं फडफडली, आणि हेडफोन लावून बसलेली एक बाई शिडीवाचूनच खाली येता येता राहिली.

"अहो, हळू!" ती कुजबुजली. "मी यांचा अभ्यास करते. साहेबांची परवानगी आहे."

"हळूच विचारलं!"

ते खरंच होतं. पंपाच्या घरघरीत ओरडून ओरडून त्याचा आवाज कायमचा चढलेलाच राहिला होता. केंद्रात त्याला 'भोंगा' म्हणत. "याच्या होणाऱ्या बायकोला कानात घालायला कापूस द्यावा लागेल," असं केंद्रामागेच राहणारी त्याची सख्खी आई म्हणे.

तरी तो रोज वर जाऊ लागला. कधी तिच्यासाठी खुर्ची घेऊन, कधी नुसताच.

"आज काय काम काढलंत?"

"शिडी... तपासायला आलो."

"कशी आहे?"

"वरपर्यंत येते."

तिने हसू दाबलं आणि हेडफोन त्याच्या कानावर ठेवला. "बंब जवळ येताना भोंग्याची पट्टी चढते, पुढे गेला की उतरते. माहीत आहे?"

"मी आत असतो. मला सारखीच वाटते."

"कधी बाहेर उभं राहणाऱ्यांचाही विचार करावा! हे वटवाघूळ भिंतीकडे झेपावतं ना, तेव्हा त्याचा प्रतिध्वनी असाच चढून येतो. पण याचे कान एकाच पट्टीला तल्लख. मग हे जवळ जाताना स्वतःच पट्टी उतरवतं... म्हणजे उत्तर नेमकं ऐकू येतं."

"एवढासा जीव—"

"पण समज बघा केवढी!" असं म्हणताना ती वटवाघळाकडे बघत नव्हती.

अभ्यास संपला. संध्याकाळी तिला न्यायला गाडी आली. भोंग्याला एकच गोष्ट सांगायची होती, आणि त्याने सांगितलेली गोष्ट आजवर कधी एकाच माणसापुरती राहिली नव्हती.

ती अजून माळ्यावर सामान आवरत होती. तो शिडीशी उभा राहिला. "मला तुम्हाला—"

पाण्याच्या नळ्या गुंडाळणारे हात थांबले.

पहिल्या पायरीवरचं "—काही सांगायचंय" निम्म्या अंगणाला ऐकू गेलं. मधल्या पायरीवरचं "तुम्ही गेलात की..." फक्त साहेबांना, तेही कान टवकारल्यामुळे. शेवटच्या पायरीवर त्याचे ओठ तेवढे हलले. वटवाघूळ एकही हललं नाही.

तिला नेमकं ऐकू आलं.

"वटवाघळं पट्टी उतरवतात," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही तर आवाजच उतरवलात."

"जमलं तेवढं केलं... उत्तर?"

एरवी कुजबुजणाऱ्या त्या बाईने माळ्याच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गाडी परत पाठवा! मी हो म्हटलंय!"

सगळी वटवाघळं एकदम आभाळात उधळली. साहेबांनी सवयीने धोक्याची घंटा बडवली, आणि कोणीतरी चालकावाचूनच बंबाचा भोंगा वाजवू लागलं.

केंद्रामागच्या घरात आईने सगळं ऐकलं, आणि कापूस स्वतःसाठी काढून ठेवला.