कापसात बुडालेला फ्रीज

सकाळी उठल्या उठल्या अर्पिताने फ्रीजचं दार उघडलं आणि आतून कोमट हवेचा भपका तोंडावर आला. ताकाचं पातेलं कोमट. वरच्या कप्प्यातला बर्फ केव्हाच वितळून खाली ओघळलेला. तिने इन्सुलिनचा डबा उचलून गालाला लावला. तोही कोमट.

“गेला,” ती म्हणाली.

अर्पिता अकरा वर्षांची. लहानपणापासून तिला मधुमेह. जेवणाआधी ती स्वतःच्या हाताने सुई टोचून घ्यायची, आणि त्याचं तिला काही वाटत नसे. चीड यायची ती ‘बिचारी’ म्हणणाऱ्यांची. परतूरहून वाटूरला मामाकडे एकटीने सुट्टीला यायची परवानगी तिला यंदा पहिल्यांदाच मिळाली होती, तीही एका अटीवर: औषध थंड राहिलं पाहिजे. आता रामकिसनमामांनी सांगून टाकलं होतं की उद्या सकाळच्या गाडीने परत जायचं. तिने इन्सुलिन कोरड्या डब्यात घालून ओल्या वाळूच्या माठात ठेवलं. तेवढ्यापुरतं चालेल, असं दवाखान्यातच सांगितलेलं होतं. पण मामा ऐकेनात.

फ्रीज जुनापुराणा होता. हिरवट रंगाचा, गोल खांद्यांचा, जीपच्या दाराला असते तसली मूठ असलेला. फाट्यावरचे सोमेश्वर मिस्त्री सकाळी येऊन गेले होते. मामी शेजारी निरोप द्यायला गेल्या, तेवढ्यात मिस्त्रींची तपासणी उरकलीसुद्धा. मागून-पुढून सगळं बघितलं, कॉम्प्रेसर जळाला, आता हे भंगार, संध्याकाळी टेम्पो आणून मीच घेऊन जातो, म्हणाले. मामांनी मान डोलावली. मोठ्या माणसांचं हे असंच असतं. एखाद्याच्या खिशाला टेस्टर अडकवलेला दिसला की यांची अक्कल सुट्टीवर जाते.

मुलांना मात्र चैन पडेना. त्यात अंगाला खाज. भाव वाढेल म्हणून मामांनी दिवाळीपासून कापूस विकलाच नव्हता. आधी तो पत्र्याच्या शेडमध्ये होता. गेल्या आठवड्यात अवकाळीचे ढग आले, तसा सगळा कापूस मधल्या खोलीत आणून ओतला, पार आढ्यापर्यंत. फ्रीजचं फक्त तोंड उघडं राहिलं, बाकी फ्रीज कापसात बुडाला. तेव्हापासून घरातला प्रत्येकजण खाजवत होता. बसलं तरी खाज, झोपलं तरी खाज. मामा म्हणायचे, भाव आला की खाज जाते. अर्पिताने दोनदा सांगितलं होतं की खोलीत जळका वास येतोय. चुलीचा असेल, म्हणाले. विषय संपला.

दुपारी मामा शेतावर गेले, दैवशालामामी आडव्या झाल्या. मामांचा तेरा वर्षांचा कल्याण, शेजारचा नागसेन आणि अर्पिता उंबऱ्यात बसून आंबे चोखत होते; अर्पिताच्या वाट्याला मोजून एकच. एवढ्यात आत ‘टक’ असा आवाज झाला आणि फ्रीज घुरघुरायला लागला.

“काय रे कल्या,” नागसेन म्हणाला, “तुमचं मढं उठून बसलं की!”

आंबा संपायच्या आत पुन्हा ‘टक’. फ्रीज गप्प. तिघं तिथेच चुळबुळत बसून राहिले. बऱ्याच वेळाने पुन्हा टक, पुन्हा घुरघुर, पुन्हा गप्प. कल्याणचा खाजवणारा हात मध्येच थांबला.

“आपली विहिरीवरची मोटर अशीच करती,” तो म्हणाला. “लई गरम झाली की स्टार्टर तिला बंद पाडतो. गार झाली की मंग चालू होती. जळालेली मोटर अशी चालू-बंद होत न्हाई.”

“मंग याला गरम कोण करून राह्यलं?” अर्पिताने विचारलं.

तिघांनीही एकदमच कापसाकडे बघितलं. नागसेन म्हणाला, मे महिन्यात गोधडी पांघरून पळायला लावलं तर आपणही पडूच.

अर्पिताच्या डोक्यात आणखी एक गोष्ट घोळत होती. मिस्त्रींची पँट काळी होती. त्या कापसात घुसलेल्या माणसाच्या काळ्या पँटला एक तंतू चिकटू नये? आणि जाताना ते एकदाही खाजवत नव्हते!

कापसात पाय ठेवायला मामांची सक्त मनाई होती. मळला की भाव पडतो. पण टेम्पो यायच्या आत काहीतरी करणं भाग होतं. नागसेनने आधी भिंतीतला प्लग उपटला. तोंडाला रुमाल बांधून दोघं पोरं बाजूने कापूस उपसून चादरीवर टाकायला लागली. फ्रीजच्या कडेने बोगदा झाला, पण अरुंद. त्यात शिरेल अशी एकटी अर्पिताच. कल्याण आडवा आला. तुला काही झालं तर अण्णा, म्हणजे मामा, माझी चामडी सोलतील, म्हणाला.

“सुई मला टोचती, तुला न्हाई,” ती म्हणाली. “औषध माझं आहे. सरक.”

ती आत सरपटत गेली. फ्रीजच्या पाठीवरची काळी जाळी कापसाने अशी गच्च भरली होती की जणू रजईच शिवली होती. खाली कॉम्प्रेसरचा लोखंडी गोळा होता. अजून हात लावू देत नव्हता. आणि त्याच्या अंगाला टेकलेला कापूस भाकरीच्या करपल्या पापुद्र्यासारखा तपकिरी झाला होता. तोच वास. तिने त्यातला मूठभर उचलला आणि मागे सरपटत बाहेर आली.

तिने मूठ उघडून दोघांना दाखवली. आता प्रश्न सुट्टीचा राहिला नव्हता. याच खोलीच्या दारात सगळं घर रात्री अंथरुणं टाकत होतं.

तेवढ्यात मामा आले. चादरीवरचा कापूस बघून त्यांनी असा आवाज चढवला की मामी धडपडत उठल्या. त्यांचा हात कल्याणवर उगारलेला असतानाच दारात टेम्पो थांबला. अर्पिता मूठ आवळून मिस्त्रींसमोर उभी राहिली.

“काका, तुम्ही मागून बघितलं होतं ना?”

“बघितलं की, बाळा.”

“मागं काय होतं?”

“काय असणार? जाळी, कॉम्प्रेसर. साफ होतं सगळं.”

तिने मूठ उघडली आणि करपलेला कापूस त्यांच्या तळहातावर ठेवला. “मंग हे तुम्हाला दिसलं न्हाई?”

मिस्त्री काहीतरी पुटपुटले. उजेड कमी होता, घाई होती. मामांनी तो कापूस उचलला, चुरगळला, हुंगला. उगारलेला हात खाली आला. ते उंबऱ्यातच बसले.

“पोरगी दोनदा सांगत होती वास येतो म्हणून,” मामी म्हणाल्या. “चूल म्हणालात.”

टेम्पो रिकामा परत गेला. मामांनी स्वतः कापूस वाहिला. फ्रीजभोवतीची सगळी जागा मोकळी केली, उपसलेला कापूस शेडमध्ये ताडपत्रीखाली नेला. कल्याणने रंगाच्या ब्रशने जाळी झाडली. फ्रीज भिंतीपासून हातभर पुढे ओढला, गोळा गार होऊ दिला, आणि मग नागसेनने प्लग लावला. टक. घुरघुर. सगळे उभे. आंबा संपला असता, दुसराही संपला असता, तरी फ्रीज थांबला नाही. दिवेलागणीनंतर पातेल्याला घाम फुटला आणि वरच्या कप्प्यात बर्फाची पांढरी साय धरली. अर्पिताने डबा माठातून काढून मधल्या फळीवर ठेवला.

जेवायच्या वेळी शेजारपाजारचे जमले. मामा खाली मान घालून म्हणाले, “या पोरांनी आज घर वाचवलं. आम्ही डोळे असून आंधळे.” नागसेनच्या आई प्रभावतीबाईंनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला.

पण पोरांचं लक्ष बर्फाकडे होतं. निजायच्या वेळी बर्फाच्या भांड्यातले तुकडे सुटले आणि तिघे ते दंडावरच्या पुरळावर चोळत बसले. संध्याकाळभर कापूस वाहिलेले मामा आता सगळ्यांपेक्षा जास्त खाजवत होते. त्यांनी हळूच हात पुढे केला.

“आधी उद्याच्या गाडीचं सांगा,” अर्पिता म्हणाली.

“कुठली गाडी?” मामा म्हणाले.

तिने सगळ्यात मोठा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.