दहावा धक्का

सोळाव्या सोमवारची पूजा आटोपली तेव्हा नुकतीच दिवेलागण झाली होती. सुनंदानं चुरम्याचे तीन वाटे केले. एक देवळातला, एक दुसऱ्याला द्यायचा, एक घरचा. देवळातला पोचवून झाला. दुसऱ्याचा वाटा तिनं धनेशभाऊजींच्या नावानं काढून ठेवला होता. ते नवऱ्याच्याच प्रयोगशाळेतले; कामावर विजेचा धक्का बसला त्या दिवशी त्यांनीच तर त्याला वाचवलं होतं.

"अहो, पळस्प्याला जाऊन येते."

बाल्कनीत बसलेल्या कृष्णकांतनं मान हलवली. सोळा आठवडे तो असाच होता. जेवा म्हटलं की जेवायचा, झोपा म्हटलं की झोपायचा. उकळता चहा हातात तसाच धरून ठेवायचा, चटका कळायचा नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, वेळ द्या. पूर्वी तो तिला 'सुनू' म्हणायचा. आता कसलीच हाक नव्हती. तिलाही रडू येईनासं झालं होतं. माझा माणूस मला परत दे, एवढंच मागून तिनं व्रत धरलं होतं. उपासाला पाण्याचा घोट घेतला नाही की एक सोमवार चुकवला नाही.

पळस्प्याच्या नाक्यापुढे एका गाळ्यात ती प्रयोगशाळा होती. तारेवर वीज कोसळली तर टेलिफोन तग धरेल का, हे तिथं आधीच पाहायचे. आत आलं की नाकाला जळक्या प्लास्टिकचा वास. मध्ये माणूसभर उंचीची जाळी, जाळीत टेबल, टेबलावर एक पांढरा फोन.

"वहिनी, उपास तुमचे आणि तूप माझ्या पोटात!" धनेशनं हसत डबा घेतला. "दादा कसे आहेत?"

"तसेच. त्या दिवशी तुम्ही छाती दाबलीत म्हणून निदान..."

धनेशचं हसू मावळलं. "मी हात लावला नाही, वहिनी. माझं धाडसच झालं नाही. मिनिटभर पडले होते, आणि मग आपापले उठून बसले."

सुनंदानं जाळीकडे पाहिलं.

"आमचा नियम आहे," तो हळू आवाजात सांगू लागला. "फोनला दहा धक्के द्यायचे. पाच सरळ, पाच उलट. दोन धक्क्यांमध्ये एक मिनिट. शेवटी कुणी हात न लावता फोन आपोआप पूर्ववत झाला, तर पास. दादा कधी मोजायला चुकले नाहीत. त्या दिवशी नऊ झाले आणि त्यांना वाटलं, दहा झाले. जाळीत गेले. यंत्र दहाव्यासाठी भरलेलं होतं. तो फोनला बसलाच नाही... त्यांना बसला."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

सुनंदानं पाहिलं. फोनची वायर टेबलाखाली नुसतीच लोंबत होती.

"रोज याच वेळेला," धनेश पुटपुटला. "मिनिटामिनिटाला. मी नाही उचलत."

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. जाळीचं दार उघडून तिनं रिसीव्हर कानाला लावला. आधी नुसती खरखर. मग फार लांबून, दमलेला आवाज.

"सुनू... किती झाले?"

"नऊ," ती म्हणाली.

"मग... एक राहिला..."

रिसीव्हर ठेवून ती बाहेर आली. व्रत अर्धवट सोडू नये, सोडलं तर ते उलटतं, हे तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं. पंधरा सोमवार करून सोळावा टाकला तर पंधराही वाया जातात.

"भाऊजी, दहावा द्या."

"काय होईल ते मला माहीत नाही, वहिनी..."

"राहिलेलं पुरं करायचं असतं. द्या."

त्यानं लोंबती वायर यंत्राला जोडली, जाळीचं दार लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि बटण दाबलं. कोरडी फांदी मोडावी तसा आवाज झाला. फोनमधून धुराची एक रेघ वर गेली. दोघं मिनिटभर थांबली. मग आणखी एक मिनिट. फोन वाजला नाही.

ती घरी आली तेव्हा दार उघडं होतं, आणि कृष्णकांत उंबऱ्यात उभा होता. हसत.

"किती उशीर! भूक लागलीय."

सुनंदानं चहा ठेवला, घरचा वाटा ताटलीत काढला. त्यानं कप उचलला आणि झटकन खाली ठेवला. "हाय रे! चटका बसला की!"

सोळा आठवड्यांनी तिला रडू आलं. देवाकडे वळून तिनं हात जोडले. पाठीमागे तो मन लावून चुरमा खात होता.

"छान झालाय हं, सुनंदा."

जोडलेले हात तसेच राहिले. या घरात तिला सुनंदा असं तो कधीच म्हणाला नव्हता.

तिचा मोबाईल वाजला. धनेशचा फोन होता.

"वहिनी..." त्याला धाप लागली होती. "तो जळलेला फोन परत वाजतोय. मी उचलला. दादांचाच आवाज आहे. रडतायत. म्हणतात, सुनूला विचार, किती झाले..."

मागे ताटली खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"त्या फोनमधल्याला सांग," कृष्णकांत शांतपणे म्हणाला, "दहा झाले."