पाच पस्तीसची पोस्ट

गुरुवारी सकाळी बेकरीवाली आली ती हाताचं पीठ न धुताच. बसायच्या आधी तिनं फोन टेबलावर ठेवला.

"ताई, माझ्या दुकानात कुणीतरी वेळ चोरतंय."

मास्तरांनी वहीत 'वेळ' असं लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते न कळून पेन्सिल चावली.

ताईंना सगळी गल्ली माघारी 'दुर्बीण' म्हणे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी प्रयोगशाळेत मोजमापं तपासली होती. आता लोकांच्या घरातले घोळ तपासत. मास्तर त्यांचे मामेभाऊ, चित्रकलेचे शिक्षक. नोंदी ठेवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं आणि वहीत नोंदींपेक्षा चित्रं जास्त होती.

बेकरीवालीची हकीकत साधी होती. ती पाव भाजायची, तिची नणंद पोस्ट टाकायची. रोज पाच वाजता बियांचे चाळीस पाव भट्टीतून निघत आणि पाचलाच फोटो झळके. पोस्ट नणंद दुपारीच लावून ठेवायची. गेले चार आठवडे मात्र मंगळवारी आणि शुक्रवारी ती पाच पस्तीसला जात होती. त्या दिवशी आठ-दहा पाव पडून राहत.

"पोस्ट जायच्या आधी काहीच विकलं जात नाही?" दुर्बीणनं विचारलं.

डझनभर जातात, ती म्हणाली, ते कसेही जातात. प्रश्न उरलेल्यांचा होता. नणंद म्हणे मी वेळ बदलली नाही, मग बदलली कुणी? या वादावरून दोघी आठ दिवस एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. शनिवारी एका जाहिरात कंपनीचा माणूस करारावर सही घ्यायला येणार होता. सही झाली की पोस्टचं काम बाहेर जाणार, आणि त्यासोबत नणंदही.

"पाच वर्षं दोघींनी मिळून दुकान उभं केलं हो," ती म्हणाली आणि पिठाच्या हातानंच डोळा पुसला. तिच्या भुवईवर पांढरा पट्टा उमटला.

दुपारी चारला दोघं बेकरीत पोचली. दारावर पाटी होती: 'पाव राखून ठेवला जाणार नाही. नातेवाइकांनीही विचारू नये. आधी येईल त्याला मिळेल.'

"ही कुणाची करामत?" मास्तरांनी विचारलं.

"सासूबाईंची. त्यांच्या सख्ख्या भावालाही इथून रिकाम्या हातानं परत जावं लागलंय."

नणंद माडीवर फोटो निवडत बसली होती. ती मुळातच बोलकी, त्यात आठ दिवसांचं साठलेलं. पाचच का, हे तिनं आलेख दाखवून समजावलं. ऑफिसवाले निघताना फोन बघतात. सव्वापाचला ते चौक ओलांडून गेलेले असतात. जाहिरात चालत येण्याइतक्या अंतरातल्या लोकांनाच दिसते. म्हणजे अर्धा तास उशीर झाला की वरात गेल्यावर वाजंत्री.

"माझंच काम मी कशाला बिघडवीन?" ती म्हणाली. "दुसऱ्या मंगळवारी तर मी गावातही नव्हते. तरी वेळ बदललीच ना?"

पोस्टच्या इतिहासात नाव दिसत नव्हतं, कारण खातं दुकानाचं, सगळ्यांचं मिळून एकच. पण बदल कुठून झाला ते दिसत होतं: दुकानातला टॅब्लेट, चार पन्नासच्या सुमारास. आठांपैकी सात दिवस. दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी मात्र पोस्ट बरोबर पाचला गेली होती.

दुर्बीणनं त्या एका दिवसाभोवती पेन्सिलीनं गोल काढला. मास्तरांना वाटलं, बरोबर गेलेल्या दिवसात काय बघायचं?

भट्टीवाला घामानं निथळत होता. चार पन्नासला तो आणि मालकीण आत ट्रे सांभाळत असतात, हात सोडायला सवड नसते. गेल्या शुक्रवारी तर तो रजेवर होता आणि मालकीण एकटी भट्टीपाशी होती. दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारचं विचारलं तसा तो हसला. त्या दिवशी त्यानं बिस्किटं करपवली होती. समोरच्या लॉन्ड्रीचा बॉयलर बसला, सगळ्यांना सकाळीच घरी पाठवलं, त्यामुळे भोंगा झाला नाही. "पावाला मालकीण आवाज देते, बिस्किटं मी भोंग्यावर काढतो. घड्याळ कुठं बघतो मी?"

टॅब्लेट गल्ल्याशेजारी उभा होता आणि त्याच्याशेजारी सासूबाई कागदी पिशव्या दुमडत होत्या. गल्लीला त्या आजी. प्रत्येक पिशवी काठाला काठ लावून, नखानं घडी दाबून. मास्तरांनी त्या गठ्ठ्याचं चित्र काढलं. सगळ्या पिशव्या मिळून एकच ठोकळा दिसत होता.

"आजी, हात फार सफाईदार आहे," दुर्बीण म्हणाली.

"तीस वर्षं चादरी दुमडल्यात, बाई. पिशवी काय चीज आहे."

टॅब्लेटबद्दल विचारलं तर त्यांनी कानाला हात लावले. असली बटणं आपल्याला कळत नाहीत, नातवाचे फोटो तेवढे बघते. हा बघा, म्हणत त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवून कुलूप उघडलं, फोटो शोधला, मोठा केला आणि बाजूला घेऊन कडेचा खांब कापूनही टाकला.

"गोड आहे हो," मास्तर म्हणाले.

पाच वाजले. समोर भोंगा झाला आणि लॉन्ड्रीतल्या बायका रस्ता ओलांडून आल्या. आजींनी प्रत्येकीला नावानं हाक मारली, एकीच्या गुडघ्याची चौकशी केली, दुसरीच्या सुनेची टिंगल केली. फोन बघून येणारी माणसं पोचली तेव्हा या बायका पाव घेऊन निघालेल्या होत्या. जाता जाता एक म्हणाली, "उद्या ट्रक आहे गं. हॉस्पिटलच्या चादरी भरायच्या. उद्या उशीर."

घरी जाताना मास्तरांनी आपला निष्कर्ष सांगितला: भट्टीवाला कामात ढिला आहे, पाव उशिरा निघतो, म्हणून तोच पोस्ट लांबवतो.

"पाव पाचलाच निघतो, मास्तर. उशीर फक्त बातमीला होतो," दुर्बीण म्हणाली आणि घरी पोचेपर्यंत हसत राहिली.

शुक्रवारी साडेचारला तिनं सगळ्यांना गल्ल्यापाशी बोलावलं. बेकरीवाली वहिनी एका टोकाला, नणंद दुसऱ्या. करार मध्ये, वजनकाट्याखाली.

"चोर पैशासाठी आला असता तर रोज आला असता," दुर्बीणनं सुरुवात केली. "हा फक्त मंगळवार-शुक्रवार येतो. पस्तीस मिनिटंच का? आणि एका शुक्रवारी आलाच नाही, तो का? त्या शुक्रवारी लॉन्ड्री बंद होती. इतर दिवशी लॉन्ड्री पाचला सुटते, समोरच असल्यानं बायका पहिल्या पोचतात. महिन्याभरापासून मंगळवारी आणि शुक्रवारी ट्रक भरायचे असतात, तेव्हा सुटते साडेपाचला. तोवर पाचची पोस्ट बघून आलेले लोक चाळीसही पाव नेतात. पोस्ट पाच पस्तीसला गेली, तर मधल्या पाच मिनिटांत बायका पाव घेऊन जातात. पोस्टशिवाय विकले जाणारे डझनभर पाव ते हेच."

"पण पाव बाजूला काढून ठेवले असते की," मास्तर म्हणाले.

"पाटी वाचा. राखून ठेवायचा नाही. आता असा माणूस शोधा, ज्याला त्या बायकांची काळजी आहे, पण तो नियम मोडू शकत नाही, कारण नियम त्यानंच केलाय. चार पन्नासला गल्ल्यावर तो एकटा असतो. त्यानं तीस वर्षं समोरच्या लॉन्ड्रीत चादरी दुमडल्यात. त्याला बटणं कळत नाहीत, पण फोटोतला खांब कापता येतो."

आजी पिशवी दुमडत राहिल्या. मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "आटपा लवकर. चार पंचावन्न झाले."

वहिनीनं तोंडावर हात ठेवला.

"मी नियम मोडला नाही," आजी म्हणाल्या. "आधी येईल त्यालाच दिलं. लोकांना जरा उशिरा कळवलं, एवढंच." मग आवाज थोडा उतरला. "पहिली दोन वर्षं तुमची पोस्ट नव्हती. जळका पावसुद्धा हसत घ्यायच्या त्या. आता दारात येऊन रिकाम्या जायच्या, मला बघवेना. तुम्ही दोघी भांडताय कळलं, तेव्हा सांगायची हिंमत राहिली नाही. माझंच चुकलं."

वहिनीनं टॅब्लेट उचलला आणि नणंदेपुढे धरला. आठ दिवसांतलं पहिलं वाक्य होतं ते.

"पाच पस्तीस कर."

"नको," नणंद म्हणाली. "ऑफिसवाले जातील. पोस्ट पाचलाच जाऊ दे, पण पंचवीसच पावांची. वहिनी, उरलेले पंधरा साडेपाचला निघतील?"

भट्टीवाल्यानं आतून मान बाहेर काढली. या बैठकीपायी दुसरा ट्रे अजून आत घातलेलाच नव्हता. "सांगाल तेव्हा काढतो."

"आणि त्याची पोस्ट?" मास्तरांनी विचारलं.

"त्याची टाकायचीच नाही," नणंद म्हणाली. "त्याची जाहिरात भोंगा करेल."

वहिनी हसली आणि एकदा हसू फुटल्यावर ते कुणालाच आवरेना. आजींनी वजनकाट्याखालचा करार ओढला, काठाला काठ लावला, नखानं घडी दाबली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

साडेपाचला भोंगा झाला. निघताना दुर्बीणनं आपली फी म्हणून एक पाव मागितला. आजींनी पाटीकडे बोट दाखवलं.

मास्तर निमूटपणे रांगेत जाऊन उभे राहिले, गुडघेदुखीवालीच्या मागे. त्यांचा नंबर पंधरावा होता.