कोंड्यातली सळसळ

पहिल्यांदा खटकलं ते गाजर.

मी गाजराच्या गोल चकत्या करते. आईही गोलच करते. गुरुवारी सकाळी मागच्या खोलीत जाऊन मी ट्रेवरची जाळी उचलली, तर कोंड्यावर तिरक्या चकत्या होत्या. लांबट, आंब्याच्या कोवळ्या पानासारख्या, एका कडेला जाड नि दुसऱ्या कडेला इतक्या पातळ की खालचा कोंडा दिसावा. आदल्या संध्याकाळी मी गोल टाकल्या होत्या, हे मला पक्कं आठवत होतं. घरात मी एकटीच होते. आई दोन दिवसांपूर्वीच डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मावशीकडे कांदिवलीला गेली होती.

तिरकं कापायचा तो दादा. "असं कापलं की पंगतीला जास्त जण बसतात," म्हणायचा.

दादाला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

मी मुळातच घाबरट आहे, हे आधीच सांगून ठेवते. कुकरची शिट्टी होणार हे माहीत असूनही मी दचकते. म्हणून मी स्वतःचीच समजूत घातली. सोमवारी पुण्याला लॅबमध्ये रुजू व्हायचंय, डोकं ठिकाणावर नाही, कापलं असेल घाईत तसं. जाळी लावली आणि बाहेर आले. पण हात धुताना नळ बंद करायचं विसरले.

दादाचा, म्हणजे हृतिकचा, हा उद्योग पोलादपुरात चेष्टेचाच विषय होता. दिवसा महाडच्या एमआयडीसीत नोकरी आणि घरी आल्यावर किडे. काळे भुंगेरे, आणि त्यांच्या बोटभर लांब पिवळ्या अळ्या. शहरांत लोक दाढीवाले सरडे पाळतात, ठिपक्यांच्या पाली पाळतात. त्यांना जिवंत खाणं लागतं, ते दादा डब्यांत भरून पाठवायचा. मागच्या खोलीत लोखंडी मांडणी, तिच्यावर नऊ ट्रे, ट्रेमध्ये गव्हाचा कोंडा. खोलीला ओल्या पोत्यासारखा, जरासा गोड वास. आणि आवाज.

त्या आवाजाबद्दल सांगायलाच हवं. हजारो अळ्या कोंड्यात फिरतात, त्याची सळसळ होते. वाळक्या पानांवर बारीक पाऊस पडावा तशी. लहान बाळाला पंख्याच्या आवाजाची सवय होते ना, तशी आम्हाला तिची झाली होती. पण कुणी खोलीत पाऊल टाकलं की ती थांबते. जमिनीतून त्यांना पाऊल कळतं, असं दादा सांगायचा. सगळ्या एकदम गप्प. मग घटकाभराने एकेक करत पुन्हा सुरू.

त्या गुरुवारी दुपारी मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून भांडी पुसत होते. मागे सळसळ चालू होती. आणि ती थांबली.

मी जागची हललेही नव्हते. घड्याळात चार एक्केचाळीस झाले होते.

शेजारच्या प्रयागबाईंकडे आमची एक किल्ली असते. मी तशीच त्यांच्या अंगणात गेले. त्या नवं भात पाखडत बसल्या होत्या.

"मावशी, मागच्या खोलीत गेला होतात का हो?"

"मी? त्या वळवळीत?" सुपातला हात थांबला नाही. "तुझ्या भावानं एकदा एक अळी ठेवली माझ्या हातावर. म्हनला, मावशी, बदाम समजून खा. तवापास्नं मी तुमच्याकडं चाय पन पीत नाय गो."

मला हसू आलं. मग त्याच म्हणाल्या, "पन मागलं दार उघडं दिसलं मघाशी. मला वाटलं, कोन पावना आलाय."

मी घरी येऊन पाहिलं. मागच्या दाराला आतून कडी होती.

आता ती गोष्ट सांगते, जी मी आईलाही धड सांगितलेली नाही.

जुलैतला दिवस. सकाळी कॉलेजच्या एसटीत माझ्या ओढणीतून एक भुंगेरा निघाला आणि पुढच्या बाकावरच्या मुलीच्या वेणीवर चढला. महाड येईपर्यंत सगळी गाडी हसत होती. मी उतरल्या उतरल्या दादाला फोन केला आणि नको नको ते बोलले. "तू आणि तुझे किडे, दोघंही एकदाचे घराबाहेर व्हा," म्हणाले. त्याला राग यायचाच नाही. "बरं," म्हणाला. "आज सुट्टीच आहे, बाइकवरून एक डबा महाबळेश्वरला पोचवून येतो. तेवढे तरी बाहेर गेले समज."

दुपारी लायब्ररीत माझा फोन टेबलावर उताणा होता. 'दादा' असं नाव उजळलं. चार एक्केचाळीस. मी फोन पालथा घातला. चार चव्वेचाळीसला तो पुन्हा थरथरला. चार बावन्नला पुन्हा. मी मनात म्हटलं, बसू दे जरा.

आंबेनळी घाटात त्या दिवशी हाताला हात दिसत नव्हता, इतकं धुकं होतं. दुधाच्या गाडीवाल्याने वळणावर काहीतरी कोसळल्याचा आवाज ऐकला, तेव्हा साडेचार वाजले होते. दादा सापडला तो सात वाजून गेल्यावर. झाडीत, बराच खाली.

फोन त्याने पडायच्या आधी केले असतील, असं सगळे म्हणतात. मी हो म्हणते. पण साडेचार आणि चार एक्केचाळीस यांतलं आधी कुठलं, हे कळायला कॉलेज लागत नाही. खाली दरीत रेंज येते, हेही मला तेव्हाच कळलं.

दहाव्याला सावित्रीच्या काठी कावळा शिवेना. पिंड ठेवून दोन तास झाले. कावळा समोरच्या करंजावर बसून होता, खाली बघत होता, पण उतरत नव्हता. किशोरकाका मुंबईहून आले होते, त्यांनी हात जोडून सांगितलं, वहिनींना अंतर देणार नाही. कोणी म्हणालं, समीक्षाचं, म्हणजे माझं, लग्न चांगलं करून देऊ. कावळा ढिम्म. आमच्यात मुली काठावर जात नाहीत, पण शेवटी मला बोलावणं आलं. मी ओल्या दगडावर उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "दादा, तुझे किडे मी सांभाळीन. एकही उपाशी राहणार नाही."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. कावळा हलला नाही.

मग मी डोळे मिटून मनातल्या मनात म्हटलं, पुढच्या वेळी फोन केलास ना, तर मी उचलीन.

पंखांचा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा कावळा पिंडावर होता.

"किड्यांचं नाव काढल्यावर येईल नाय तर काय करील," कोणीतरी म्हणालं, आणि रडता रडता आईसुद्धा हसली. सगळ्यांनी धरलं की दादाचा जीव किड्यांत होता. तेव्हापासून चार महिने मी त्यांना गाजर घालते आहे. पण कावळा कुठल्या बोलाला शिवला, हे मला कळलेलं नाही.

रोज पावणेपाचच्या सुमाराला मी त्याचा नंबर लावायचे. फोन आईच्या कपाटात, पोलिसांनी दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, काच फुटलेला. आधी 'बंद आहे' असं ऐकू यायचं. मग सिमची मुदत संपली आणि 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असं यायला लागलं. तरी लावायचे. त्या बाईचा आवाज ऐकायचे आणि ठेवून द्यायचे.

शुक्रवारी सकाळी खणांचा डबा सापडला.

मणी ठेवायला असतो तसा चोवीस खणांचा डबा. या अळ्यांची एक गंमत आहे. गर्दीत ठेवल्या तर त्या अळ्याच राहतात. भुंगेरा व्हायचा असेल तर प्रत्येकीला वेगळ्या अंधाऱ्या खणात ठेवावं लागतं. मग ती खाणं सोडते, अंगाचं कडं करून पडून राहते, आणि काही दिवसांनी तिचा कोष होतो. "एकटं पडल्याशिवाय ती पुढं सरकतच नाही गं," दादा म्हणायचा. तो गेल्यापासून मी एकही अळी अशी ठेवली नव्हती. मला ते बघवायचंच नाही. डबा माळ्यावर होता.

तो आता मांडणीच्या वरच्या फळीवर होता. झाकण उघडलं. तेवीस खणांत तेवीस अळ्या, कडं करून निजलेल्या. चोविसाव्यात अळी नव्हती. नुसता चिमूटभर कोंडा पसरून ठेवला होता, एखाद्याची जागा धरून ठेवावी तसा.

मी आईला फोन केला. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, खणांचा डबा तू भरलास का.

"मला कुठं दिसतंय बाय," आई म्हणाली. "तूच भरला असशील. चार रात्री झोपली नायस नि मला विचारतेस."

"आई, शोएबभाई उद्या पाचला येऊन सगळे ट्रे घेऊन जाणार आहेत. मी सोमवारी गेल्यावर कोण बघणार त्यांना? तू तर त्या खोलीत जातसुद्धा नाहीस."

मागे मावशीचा टीव्ही ऐकू येत होता.

"दे," ती म्हणाली. "मी नको म्हनत नाय. पन त्याला सांगून दे गो. न सांगता नको."

शोएबभाई महाडचे. मस्कतहून परत आले तेव्हापासून त्यांनी एक दाढीवाला सरडा पाळलाय, सुलतान त्याचं नाव. शनिवारी दुपारी चारला त्यांचा फोन आला. "निघतोच आहे. आमचे सुलतान दोन दिवस रुसलेत. दुसऱ्याची अळी दिली की तोंडात धरतात नि थुंकून देतात. हृतिकच्या हातचंच पाहिजे त्यांना." मग खाकरून म्हणाले, "तू नीट आहेस ना, बेटा? आवाज कसा येतोय तुझा."

"नीट आहे," म्हटलं.

मी पुढच्या खोलीत बॅग भरायला घेतली. कार्तिकातली दुपार. आमच्याकडे ऊन डोंगरामागे लवकर उतरतं, भिंती अवेळीच करड्या होतात. घाटाच्या रस्त्यावर एक ट्रक गिअर बदलत चढत होता. मागे सळसळ चालू होती. त्याला सांगून दे, आई म्हणाली होती. पण कसं सांगतात? फोटोसमोर उभं राहून? मी दोनदा उभी राहिले, आणि दोनदा फोटोवरची धूळ पुसून परत आले.

सळसळ थांबली.

मी हातातला कुर्ता तसाच धरून बसले. आता सुरू होईल, एकेक करत सुरू होईल. झाली नाही. त्याऐवजी वास आला. कोंड्याचा नव्हे. ओल्या रेनकोटचा, चिखलाचा, आणि मागे कुठेतरी पेट्रोलचा. पाऊस जाऊन महिना होऊन गेला होता.

शोएबभाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. आईला लावला. तिने उचलला नाही. डोळ्यात औषध घालून पडली असेल. मी उठले आणि मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दार लोटलेलं होतं. आत जायचं धाडस झालं नाही.

"दादा..." मी म्हटलं. आवाज असा निघाला की मलाच ऐकू आला नाही.

मग मी त्याचा नंबर लावला. ती बाई बोलेल, क्रमांक अस्तित्वात नाही म्हणेल, मी तिलाच सांगेन आणि माझं काम होईल, असं काहीतरी डोक्यात होतं.

ती बाई बोलली नाही. रिंग गेली.

फोनवर वेळ दिसत होती, चार एक्केचाळीस. रिंग शेवटपर्यंत वाजली आणि तुटली. घरात कुठेही काही वाजलं नाही, कपाटात नाही, खोलीत नाही. मी भिंतीला पाठ लावून खाली बसले. दुसऱ्यांदा नंबर लावला तेव्हा चव्वेचाळीस झाले होते. तोही तुटला. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की न उचललेला फोन पलीकडच्याला किती लांब वाटतो.

मी रडत होते. भीती होतीच, पण ते रडू भीतीचं नव्हतं. दाराच्या फटीला तोंड लावून मी सगळं सांगितलं. पुण्याचं सांगितलं, शोएबभाईंचं सांगितलं. एसटीतल्या त्या मुलीच्या वेणीचं सांगितलं. फोन मी ऐकला होता, दादा, तिन्ही वेळा ऐकला होता, हेही सांगितलं. आत कोंड्याचा एक कणही हलला नाही. कुणीतरी श्वास धरून ऐकावं, तशी ती खोली गप्प होती.

चार बावन्नला मी तिसऱ्यांदा लावला.

दोन रिंग झाल्या. तिसरी अर्ध्यात थांबली.

फोन उचलला गेला होता.

आधी फक्त सळसळ आली. खोलीतून नाही, फोनमधून. कोंड्यातली... की पानांवरच्या पावसाची, मला अजून सांगता येत नाही. खूप वर कुठेतरी एक गाडी गिअर बदलत गेली. मग, अगदी कानाशी, दमलेला आणि मुळीच न रागावलेला आवाज आला.

"समे... केव्हाचा फोन करतोय तुला."