डाव्या कडेची बाई

पुण्याच्या त्या निसर्ग-मासिकाला फोटोत माणूस चालत नाही. माणूसच काय, विजेची तार, चप्पल, गुटख्याची पुडी, काहीच चालत नाही. मूळ फाइल पाठवायची, सोबत लेख जोडायचा आणि गप्प बसायचं. मी आणि अकिब बरीच वर्षं पाठवत होतो. फोटो त्याचे, शब्द माझे. नकार मात्र दोघांच्या नावानं यायचा. तेवढी भागीदारी बरोबर होती.

माझं जालन्याच्या मस्तगडात बियाण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी चढतानाच मला कळतं, हा घेणार की भाव विचारून जाणार. माणसांची जमा आणि नावे मनात मांडत राहायची मला खोडच आहे. अकिबचा लग्नाचे फोटो काढायचा स्टुडिओ दोन गल्ल्या सोडून. त्याच्या जमेच्या बाजूला जालन्यातल्या कितीतरी नवऱ्या होत्या, ज्या त्यानं होत्या त्याहून देखण्या करून दिल्या. नावेच्या बाजूला एकच गोष्ट होती. स्वतःच्या बायकोचा, फरहीनचा, त्याच्याकडे धड एक फोटो नव्हता.

ती आमच्याबरोबर शहागडला यायची. आम्ही गोदावरीच्या काठावर पोटावर पडून पक्ष्यांची वाट बघायचो आणि ही जेवणाचा डबा हातात घेऊन वाळूत शिंपले शोधत फिरायची.

"फरहीन, फ्रेममध्ये येऊन राह्यली! बाजूला हो ना!" अकिब ओरडायचा.

"पक्षी कुठं घाबरून राह्यले? तुम्हीच घाबरता," असं म्हणून ती हसत बाजूला व्हायची. कॅमेरा तिच्याकडे वळवला की ओढणी तोंडावर. निकाहच्या अल्बमातही मान खाली आणि चेहऱ्यावर फुलांच्या माळा.

गेल्या पावसाळ्यात ती काविळीनं गेली. अकिबकडे उरलं ते आधार कार्ड. आणि आधार कार्डावर कुणीच स्वतःसारखं दिसत नाही.

हिवाळा लागला तेव्हा मीच त्याला ओढून शहागडला नेलं. म्हटलं, चक्रवाक आले असतील, ती केशरी बदकं. पुलावरून ट्रक जात होते, खाली पाणी उतरलं होतं आणि मधल्या वाळूवर चक्रवाकांची एक जोडी उन्हाला बसली होती. अकिबनं फोटो काढले. मी घरी येऊन लेख लिहिला आणि आम्ही पाठवून दिलं.

मासिकाकडून पहिल्यांदाच नकार आला नाही. लेख आवडला, असं उत्तर होतं. छायाचित्र मुखपृष्ठाच्या तोडीचं आहे. फक्त डाव्या कडेला एक महिला उभ्या आहेत, तेवढ्या वगळून पाठवा.

आम्ही स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यावर फोटो लावला. वाळू, पाणी, बदकं. खरं सांगायचं तर मी बदकंसुद्धा नीट बघितली नाहीत. मुखपृष्ठावर आपलं नाव कुठं बसेल याचा अंदाज घेत होतो.

"कोण बाई? कुणीच न्हाई," अकिब म्हणाला.

"दुसऱ्याच कुणाच्या फोटोत असंल. तू डावीकडून काप आणि दे पाठवून. आता नखरे नको."

त्यानं डावी कड कापली. उत्तर आलं, महिला अजून आहेत. त्यानं आणखी कापली. मग उपसंपादक कनिका यांचा फोनच आला. अकिबनं तो स्पीकरवर टाकला.

"सर, तुम्ही कापता, पण त्या परत कडेलाच येतात. आता तर बदकांच्या अगदी जवळ आहेत. दुसरी फ्रेम पाठवताय का तुम्ही?"

"मॅडम, फ्रेम तीच हाय," अकिब म्हणाला. "कशी दिसती ती बाई?"

"पोपटी ओढणी आहे. हातात स्टीलचा डबा आहे." कनिकांनी तिकडे फोटो मोठा केला असावा. "कॅमेऱ्याकडेच बघताहेत. म्हणजे, तुमच्याकडे."

मी पडद्याकडे बघितलं आणि ती होती. नव्यानं आली असं वाटलंच नाही. आधीपासून होती आणि माझंच बघायचं राहून गेलं होतं, अशी उभी होती. ओढणी खांद्यावर. चेहरा उघडा.

"शेठ," अकिब म्हणाला, "तुझं तोंड असं का झालं?"

मी बोट ठेवून दाखवलं. तो चष्मा पुसून आला, पडद्याला नाक लावलं, उजेड कमी-जास्त केला. त्याला वाळूच दिसत होती.

त्यानं आईला बोलावलं. जुबेदाखाला हात पुसत आल्या, पडद्यासमोर उभ्या राहिल्या आणि काही विचारायच्या आतच त्यांनी पदर तोंडाला लावला.

"दुबली हो गई रे," त्या म्हणाल्या. "कित्ती दुबली हो गई."

"अम्मी, मेरे को नहीं दिखती."

"अरे ये क्या खडी है! तेरे कू च देख रही है!"

समोरचा चहावाला आला, त्याला दिसली. अल्बम न्यायला आलेल्या अनोळखी पोराला दिसली. "भाभी का?" त्यानं विचारलं. सगळ्या मस्तगडाला दिसली असती. ज्याला बघायची होती, त्याला नाही.

मासिकाचं काम तिथंच राहिलं. अकिबनं लग्नाच्या ऑर्डरी सोडल्या आणि तो रोज शहागडला जायला लागला. पक्षी असोत नसोत, वाळूचे फोटो काढायचा आणि दुपारी माझ्या दुकानात येऊन लॅपटॉप गल्ल्यावर ठेवायचा.

"सांग," म्हणायचा. "फोटो माझे, शब्द तुझे. आपलं ठरलेलंच हाय."

मी सांगायचो. कुठं उभी आहे, ओढणी कशी उडतेय, डबा कोणत्या हातात आहे. गिऱ्हाईक ताटकळायचं, दुकानातली पोरं कुजबुजायची. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच विचारायचा.

"भुवईजवळ तीळ हाय ना?"

"आहे."

"रागात हाय का?"

"नाही रे. वाट बघितल्यासारखी."

"मंग मला का न्हाई दिसून राह्यली, शेठ? मी काय केलं?"

जन्मभर मी शब्द मोजूनमापून वापरले आणि संपादकांनी तेही कापले. आता कापणारं कुणी नव्हतं, तरी पुरत नव्हते. माझं ऐकून त्याचं पोट भरत नव्हतं. तो वाळत चालला होता. दाढी वाढली, शर्टाच्या गुंड्या वरखाली. जुबेदाखाला एकदा दुकानात येऊन म्हणाल्या, "भैया, उसकू बोलो अब नहीं दिखती. खतम करो ये." मी मान हलवली. पण दुपारी तो आला आणि मी पुन्हा सगळं सांगितलं.

मग एका फोटोत तिची पाठ होती.

मी ते त्याला सांगितलं नाही. म्हटलं, बाजूला बघतेय.

पुढच्या फेरीत ती लांब गेली होती. तिच्या पुढ्यात नुसतं पाणी होतं. त्याच्या पुढच्या फेरीत ओढणीचा पोपटी ठिपका तेवढा, पाण्याच्या कडेला. डबा वाळूवर ठेवलेला.

काल दुपारी तो आला, लॅपटॉप उघडला. मी बघितलं.

वाळू. पाणी. पलीकडची बाभळीची रांग. डबासुद्धा नव्हता.

मी पुढचा फोटो लावला, त्याच्या पुढचा लावला. सगळे बघितले. मान वर करायची हिंमत होईना.

"सांग," अकिब म्हणाला.

त्यानं दोन्ही हातांनी गल्ल्याची कड धरली होती. ती गेली म्हणून सांगितलं असतं तर हा माणूस इथून उठून कुठं गेला असता ते मला दिसत होतं. पायरी चढतानाच माणूस ओळखणारा मी, एवढं तर मला कळत होतं.

"आहे," मी म्हणालो.

"कुठं?"

मी बोट उचललं आणि मोकळ्या वाळूवर ठेवलं. मधोमध, जिथं काहीच नव्हतं तिथं.

"ही काय. उभी आहे."

अकिब वाकला. मला वाटलं, नेहमीसारखा डोळे मिटेल. त्यानं मिटले नाहीत. तो बघत राहिला आणि हळूहळू त्यानं गल्ल्याची कड सोडली.

"दिसली," तो म्हणाला.

मी पुन्हा बघितलं. पडद्यावर वाळूच होती.

"दिसली, शेठ. तुझ्या बोटापाशीच हाय." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. मग ते तिथंच थांबलं.

त्यानं चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"शेठ."

"काय?"

"ही फरहीन न्हाई."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाहेर कुणीतरी रिक्षा चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"अशी कोणी बाई मी बघितलीच न्हाई कधी," तो अगदी हळू बोलला, जवळ कुणी झोपलेलं असावं तसा. "हिला कुणी उभं केलं इथं? आणि माझी कुठं गेली?"

मी चटकन बोट उचललं.

अकिबची नजर पडद्यावर राहिली नाही. नजर माझ्या बोटाबरोबर वर आली आणि माझ्या हाताच्या जरा बाजूला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, थांबली, ती बाई आता तिथं उभी असल्यासारखी.