फ्यूजवर तार

घरगुती प्रिंटरला मी कधी यंत्र मानलं नाही. ज्याचं झाकण बोटाने वाकतं आणि बिघडल्यावर ज्याला एक लाल दिवा लावण्यापलीकडे काही सुचत नाही, त्याला खेळणं म्हणावं. मी कारखान्यात माणसापेक्षा उंच विजेच्या पॅनेलांसमोर उभा राहून काम करणारा माणूस. त्यामुळे धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, प्रिंटर मध्येच बंद पडतोय, बघायला येतोस का?" तेव्हा सर्जनला नखं कापायला बोलावल्यासारखं वाटलं.

"दुकानात नेऊन दे," मी म्हणालो.

"नेला होता. तिथे नीट चालतो म्हणाले."

"मग तिथेच ठेव."

ती हसली नाही. "त्यांचं बोलणं अडलंय रे," एवढंच म्हणाली.

त्यांचं म्हणजे माझ्या मेव्हण्याचं. खरं सांगायचं तर या गृहस्थाचं बोलणं अडावं ही माझी त्यांच्या लग्नापासूनची इच्छा होती. गाद्या-उशांच्या दुकानात विक्रेता. गिऱ्हाईक उभ्याउभ्या पेंगेल इतका बोलायचा. घरी आला की माझ्या पाठीवर थाप मारून "काय दादासाहेब, वीज काय म्हणते?" हे दर वेळी तितक्याच उत्साहाने विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच हसायचा. गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द तोंडात यायचा नाही आणि लिहायला घेतलं तर अक्षरं जुळायची नाहीत.

त्याच्यावर उपचार करणाऱ्या बाईंनी चित्रांचा मार्ग सांगितला होता. पाण्याचा ग्लास, खिडकी, चादर, दुखरा खांदा, प्रत्येकाचा फोटो जाड कागदावर छापायचा. त्याला हवं ते कार्ड त्याने डाव्या हाताने उचलून दाखवायचं. नवीन काही हवं झालं की बहीण ते मोबाइलवर टिपायची आणि तिथल्या तिथे छापून त्याच्या हातात द्यायची. उशीर झाला की त्याचं मन भरकटायचं, म्हणून प्रिंटर पलंगाशेजारच्या टेबलावरच होता. छापलेलं प्रत्येक कार्ड त्याच्या पलंगावरच्या डब्यात जायचं, ते म्हणजे त्याचा एक शब्द. त्या डब्यातल्या शब्दांवर त्यांचा संसार चालला होता.

रविवारी दुपारी मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. तिसऱ्या मजल्यावरची खोली, औषधी तेलाचा वास, खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप. मला बघताच मेव्हण्याचा अर्धा चेहरा फुलला. उरलेला अर्धा जागच्या जागी राहिला. त्याने डावा हात पुढे केला. मी पेटी दुसऱ्या हातात घ्यायच्या निमित्ताने तो टाळला.

"काय जावईबापू," मी म्हणालो, "आता आम्हालाही बोलायला मिळतंय."

बहिणीने खांद्याचं कार्ड पुन्हा छापून दाखवलं. सुरेख आलं.

"चालतोय की. मला काय तोंड बघायला बोलावलंस?"

"थांब ना." तिने मोबाइलवर दुसरा फोटो उघडला. मागच्या खेपेला मी याच खोलीत, पलंगाजवळच्या वेताच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसलो होतो, तो. "हे त्यांना केव्हापासून हवंय. बेल वाजली की दाराकडे बघतात, मग या खुर्चीकडे बोट करतात. तुला बोलवायचं असतं रे. तुझं कार्डच नाही."

"मी येऊन काय त्याचे पाय चेपू?"

"नको चेपूस. बसलास तरी पुष्कळ."

तिने फोटो पाठवला. कागद आत ओढला गेला, शाईचं डोकं करकरत इकडून तिकडे फिरू लागलं. माझे केस आले, कपाळ आलं. मग आतून एक उसासा ऐकू आला आणि प्रिंटर मेला. लाल दिवासुद्धा नाही.

मी खुशीत आलो. हा दोष सरळ होता. माझ्या फोटोतला शर्ट गडद, खुर्चीमागची भिंत सावलीत. गडद चित्राला शाई जास्त, शाई उडवायला वीज जास्त, आणि या खेळण्याचा पॉवर सप्लाय पहिल्या ओझ्यालाच मान टाकत असणार. हे मी बहिणीला समजावून सांगितलं. तिने मान डोलवली. मेव्हणा माझ्या कपाळाकडे टक लावून बघत होता.

"याला काही कळतंय का?" मी विचारलं.

"त्यांना सगळं कळतं."

"झटक्याने सुधारला म्हणायचा."

खातरजमा म्हणून मी पूर्ण काळं पान छापायला दिलं. याहून गडद काही नसतं. ते पान वरपासून खालपर्यंत निर्धास्त आलं. हातात धरवत नव्हतं इतकं ओलं. म्हणजे माझा पहिला तर्क चुकला. असं होतं, दोष शोधायचा म्हणजे एकेक शक्यता बाजूला करत जायची. मी प्रिंटरचा स्वतःचा सप्लाय काढून टाकला आणि पेटीतला माझा जोडला. असले दहा प्रिंटर ओढेल असा. मीटर लावलं. काटेकोर वीज, एका पॉइंटचा फरक नाही.

या वेळी फोटो ओठांपर्यंत आला आणि थांबला.

बहीण चहा घेऊन आली. एक कप तिने मेव्हण्याला भरवायला घेतला, दुसरा स्वतःसाठी टेबलावर ठेवला.

"आणि माझा?"

तिने वर पाहिलं. मी कुठे आहे हे शोधायला तिला एक क्षण लागला. "अगं बाई. विसरलेच बघ. कधी नव्हे ते." आणि लाजून आत गेली.

मी प्रिंटर उघडला. मधल्या सर्किटच्या पाटीवर मुगाएवढा एक पिवळा तुकडा होता. यंत्राला झेपेनासं झालं की तापून विजेची वाट बंद करणारा आणि गार झाला की उघडणारा. फ्यूजचाच भाऊ. त्याच्यावर बोट ठेवलं तर चटका बसला. म्हणजे चोर सापडला. पुन्हा काळं पान दिलं, तुकडा गार. खिडकीचा फोटो दिला, गार. बहिणीचा स्वतःचा फोटो दिला, गार. माझा दिला की कपाळ येईतो तो तापू लागे आणि हनुवटीखाली वाट बंद.

आता त्या पिवळ्या तुकड्याला कोण कागदावर येतंय हे कळायचं काही कारण नाही. त्याच्यातून वीज जाते, चेहरे जात नाहीत. मी फोटो उलटा करून पाहिला, लहान करून पाहिला. मीटर सांगत होतं की वीज वाढलेलीच नाही. वाढली नसताना तो तापत होता. माझा हिशेब कधी चुकत नाही, तेव्हा तुकडाच खराब. असल्या मालाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवायची?

"कात्री दे," मी म्हणालो. माझा कटर कारखान्यातच राहिला होता.

बहीण मेव्हण्याची उशी सारखी करत होती.

"अगं, कात्री."

तिने वळून पाहिलं नाही. मी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली. "काही म्हणालास?"

"कानात बोळे घातलेस का?"

"आवाजच नाही आला रे," ती म्हणाली, आणि ते खोटं वाटत नव्हतं.

मी स्वतःच कात्री शोधून तारेचा एवढासा तुकडा कापला. मेव्हण्याने तो पाहिला. डब्यात डावा हात घालून तो घाईघाईने कार्डं उपसू लागला, दोन-तीन खाली पडली. हवं ते सापडल्यावर त्याने माझ्यापुढे धरलं. उघडा तळहात होता त्यावर. जेवताना तो ते दाखवायचा. पुरे.

"तुला पुरे वाटत असेल," मी म्हणालो. "आम्ही काम अर्धवट सोडत नाही."

त्याने ते कार्ड प्रिंटरवर ठेवलं. मी उचलून पलंगावर टाकलं. त्याने माझं मनगट धरलं. चांगल्या हातात बरीच ताकद होती. डोळ्यांत पाणी होतं. तोंडातून घशातला एक आवाज येत होता, त्याचा शब्द काही होईना. वाचा होती तेव्हाही या माणसाने कामाचं कधी काही सांगितलं नव्हतं. मी मनगट सोडवून घेतलं.

मी पिवळ्या तुकड्याच्या दोन्ही पायांवर तार टाकून सोल्डर केली. आता वीज त्याच्यातून न जाता थेट तारेतून जाणार होती. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. पण हे खेळणं होतं, आणि मला घरी जायचं होतं.

फोटो पाठवला. डोकं फिरू लागलं. केस, कपाळ, ओठ. हनुवटी ओलांडली. गळा, शर्ट, हाताची घडी, खुर्चीचे हात, गुडघे, पावलं. एकदाही न अडखळता कागद बाहेर आला.

"आला," बहीण म्हणाली. तिने तो दोन्ही हातांनी उचलला. "बघा हो, किती छान आलाय दादा. अगदी बोलेलसा."

खरंच छान आला होता. मी हत्यारं आवरून वेताच्या खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "चल, आता चहा टाक."

ती कार्डाच्या कडा कापत राहिली.

मी पुन्हा म्हणालो. माझा आवाज मला नीट ऐकू येत होता.

ती माझ्या पावलांवरून झाडू फिरवून कागदाचे तुकडे गोळा करून गेली.

मीटर हाताशी होतं. त्याची दोन टोकं दोन हातांत धरली की माणसाच्या अंगातून काही ना काही आकडा येतोच. कोरड्या हातांचा जास्त, घामेजल्या हातांचा कमी. मी धरली. पडद्यावर आकडा आला नाही. टोकं हवेत धरल्यावर जे दिसतं तेच दिसलं.

मीटर बिघडलं असेल म्हणून मी मेव्हण्याच्या तळहातावर टोकं टेकवली. आकडा आला. त्याच्या श्वासाबरोबर थोडा हलत होता.

पुन्हा माझ्या मुठीत घट्ट धरली. नुसती हवा.

मेव्हण्याने कार्ड उचललं. आधी ते बहिणीला दाखवलं, मग खुर्चीकडे बोट केलं. पुन्हा कार्ड, पुन्हा खुर्ची. पुन्हा कार्ड, पुन्हा खुर्ची. तो थांबेना. अर्धा चेहरा घामाने भिजला होता.

"हो, हो," बहीण त्याचे केस मागे सारत म्हणाली. "दादा ना? बोलवूया. आला की इथेच बसवू त्याला."

ती खुर्चीपाशी आली. माझ्या पाठीमागची उशी काढली, झटकली, परत ठेवली.

माझ्या पाठीला काही लागलं नाही.