वगळणीगणक आणि आभारप्रदर्शन

ध्रुवप्रदेशाच्या एकांतात माणसाच्या मनातली क्षुद्रता गोठून जाते आणि मागे उरते ती निखळ कृतज्ञता, असं मोहिमेच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. अंटार्क्टिकावर तेरा महिने काढून झाल्यावर, परतीचं जहाज यायला तीन तास उरलेले असताना, हिमस्थानकातल्या वीसपैकी एकोणीस माणसांना एकच विवंचना होती. आभारात आपलं नाव कितवं येणार?

विसाव्या होत्या वृंदा तायशेटे. गडहिंग्लजच्या शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवल्यावर शिक्षकांच्या राखीव जागेतून त्या इथे आल्या होत्या. निरोपाचा कार्यक्रम ठरला तेव्हा मोहीमप्रमुख डॉ. खांडेपारकर सहज म्हणाले, "मॅडम, आभार तुमच्याकडे." शिक्षक हाताशी असताना आभार दुसऱ्या कुणाकडे देण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

सकाळपासून त्या यादी घेऊन मार्गिकेत येरझारा घालत होत्या.

"माझं नाव घेऊ नका हं," डॉक्टर रेगे त्यांना गाठून म्हणाले. "त्या दिवशी मी काही विशेष केलं नाही. कुणीही केलं असतं."

दहा मिनिटांनी जनित्र सांभाळणारा सोपान ढमढेरे आला. "मॅडम, ते जूनमधलं काही बोलू नका. उगाच लोक म्हणतात, ढमढेरे मिरवतो."

मग खुद्द खांडेपारकर. "प्रमुख म्हणून ते माझं कर्तव्यच होतं. फार तर दोन वाक्यं बोला. तीन नकोत."

जूनमधल्या एका रविवारी दुपारी, सगळं स्थानक श्रीखंड-पुरी खाऊन झोपलेलं असताना, वृंदाताई साठ मीटरवरच्या उपकरणघराकडे गेल्या होत्या. येताना हिमवादळाने गाठलं. स्वतःचा हात दिसेना. गुडघे टेकले, तेवढ्यात एका हातमोज्याने त्यांचं मनगट धरलं आणि ओढत दारापर्यंत आणलं. त्यांना उंबऱ्यात सोडून तो माणूस इतरांना परत बोलवायला पुन्हा वादळात गेला. शोधायला सात जण बाहेर पडले होते. सगळ्यांचे पोशाख सारखे, तोंडं झाकलेली.

वर्गात काच कुणी फोडली असं विचारलं की कुणीच बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तिघे तिघे अर्धवट कबूल होतात, हे नवीन होतं. आणि तीन तासांनी जहाज येणार, मग ही माणसं पांगणार होती. ज्याने आपल्याला ओढून आणलं त्याला ओळखून, डोळ्यांत बघून आभार मानल्याशिवाय जहाजावर चढायचं, हे त्यांना पटत नव्हतं.

शेवटी त्या गणकशास्त्रज्ञ यास्मिन मणेरकडे गेल्या. मिरजेची यास्मिन उद्याच्या चांद्रवसाहतीसाठी किमान किती माणसं लागतील, याचा अभ्यास करायला आली होती.

"तुझ्या वगळणीगणकाला माहीत असेल ना, हात कुणाचा होता?"

"त्याला दिसत नाही, मॅडम. मनगटनोंदक त्या थंडीत बंद पडले होते. पण प्रत्येकाच्या सवयी, चाल, झोप, सगळं वर्षभराचं त्याच्याकडे आहे. तो एकेक माणूस वगळतो आणि वर्ष पुन्हा चालवून बघतो. त्या माणसावाचून जेवढं बिघडेल तेवढं त्याचं योगदान."

"मग ढमढेरेला वगळ."

यास्मिनने वगळलं. "तुम्ही जिवंत आहात. डॉक्टरांनी आणलं."

"डॉक्टरांना?"

"ढमढेरेने आणलं."

"खांडेपारकर सरांना?"

"आणलं कुणीतरी. शिवाय वर्षभराच्या बैठका चौतीस तासांनी कमी झाल्या."

तिघांना एकदम वगळलं तेव्हा स्वयंपाकी बाहेर पडला. यास्मिनने खुर्ची वळवली. "असंच येणार, मॅडम. इथे प्रत्येक कामाला दुसरा माणूस ठेवलेला आहे. एकोणीसही जणांचं योगदान शून्य. गणिताप्रमाणे तुम्हाला कुणीच वाचवलं नाही."

"अगं, हात तर होता ना एकाचा?"

"होता. तो नसता तर तीन मिनिटांनी दुसऱ्याचा असता."

"ती तीन मिनिटं बाहेर मी होते," वृंदाताई म्हणाल्या. "तू नव्हतीस."

वृंदाताईंनी दोन फेऱ्या मारल्या आणि थांबल्या. "आता मला वगळ."

"कशाला? तुमचं कामच मोजलेलं नाही. तुमच्या जागी बदली माणूसही नाही."

"वगळ म्हणते ना."

गणक या वेळी बराच वेळ चालला. जून महिन्यावर येऊन थांबला, तो पुढे सरकेचना. यास्मिनने नोंदी उघडल्या, पुन्हा वाचल्या.

"त्या दुपारी जनित्राच्या धुराड्यात बर्फ अडकला होता," ती सावकाश म्हणाली. "ढमढेरेने सोमवारी काढला, तशी नोंद आहे. म्हणजे रविवारी विषारी वायू आत येत होता. धोक्याची घंटा फोडणी दिली की वाजते म्हणून आपण काढून ठेवलेली."

"मग?"

"तुम्ही पंधरा मिनिटांत परतला नाहीत, तेव्हा दाराचा भोंगा वाजला. सगळे उठले, शोधायला दारं सताड उघडी टाकली, वारा आत शिरला. संध्याकाळी सगळ्यांची डोकी दुखत होती. आपण श्रीखंडाला नावं ठेवली. तुम्ही नसता तर भोंगा वाजला नसता, मॅडम. पाच वाजेपर्यंत एकोणीस जण झोपेतच गेले असते."

वृंदाताई खाली बसल्या.

"पण तुम्ही गेला होतात कशाला उपकरणघरात?"

"कडी लावली का ते बघायला."

"लावली होती?"

"लावली होती गं. त्याआधी दोनदा बघून आले होते."

यास्मिन म्हणाली, "सांगू का सगळ्यांना?"

"काय सांगणार? आणि आभार मानणाऱ्याने स्वतःचं नाव घ्यायचं नसतं."

कार्यक्रमात त्यांनी एकोणीस नावं अकारविल्हे घेतली. अनवधानाने कुणाचं नाव राहून गेलं असल्यास क्षमा असावी, असंही शेवटी म्हणाल्या. यास्मिन जमिनीकडे बघत राहिली. आपण पहिले नाही हे कळल्यावर खांडेपारकर घड्याळ बघत राहिले. जहाजाच्या शिडीपाशी वृंदाताईंनी प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरला, जरा जास्त वेळ धरला आणि डोळ्यांत बघून "आभारी आहे" म्हटलं. एकोणीस वेळा. सगळ्यांनी जाड हातमोजे घातलेले होते.

वगळणीगणकाचा अहवाल मोहिमेच्या समितीपुढे गेला. ज्याला बदली नाही असा एकही भाग मोहिमेत असू नये, असा समितीचा नियम होता. पुढच्या मोहिमेत दोन शिक्षक नेण्याचं ठरलं. त्याप्रमाणे आकडेमोड पुन्हा केली, तेव्हा त्या दोघांचंही योगदान शून्य आलं.